डावा हात

उजव्या खांद्याने असहकार पुकारला आणि माझे स्पर्धेतले टेबल टेनिस संपले. त्याच सुमारास महाविद्यालयाच्या जिमखान्याला मुलींच्या संघासाठी कोणीतरी हवे होते. मराठीचा प्राध्यापक टेबल टेनिस शिकवणार, याची स्टाफरूममध्ये यथेच्छ थट्टा झाली. मला मात्र काम सोपे वाटले होते. पाचवीपासून जे करीत आलो ते सांगायचे, एवढेच तर होते.

ते सांगताच येईना. 'सर, मनगट नेमके कधी वळवायचे?' असे एका विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा मी फटका मारून दाखवला. 'ते दिसले, पण कधी?' मी पुन्हा मारून दाखवला. वर्गात वीस वर्षे गण, मात्रा आणि यती यांचे विवेचन करणारा माणूस इथे 'हे असे' या दोन शब्दांपाशी येऊन थांबला होता.

शिवाय मी शिकलो तो खेळ आता उरलेला नाही. तेव्हा गेम २१ गुणांचा असे, चेंडू ३८ मिलिमीटरचा, आणि सर्व्हिस सलग पाच. पाच सर्व्हिसमध्ये डाव रचता येई. चार साध्या द्यायच्या आणि पाचवीला फसवायचे. २००० साली चेंडू ४० मिलिमीटरचा झाला, २००१ मध्ये गेम ११ गुणांवर आला आणि सर्व्हिस दोन-दोन झाल्या. कादंबरीकाराला लघुकथा लिहायला बसवावे तसे आमचे झाले. (सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचे चेंडू आले ते २०१४ पासून. त्यांचा आवाज मला अजून परका वाटतो. पण आवाजाचे हे दुःख जुनेच आहे. १९५२ च्या मुंबईतल्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो स्पंजची बॅट घेऊन आला. तिच्यावर चेंडूचा आवाजच होत नसे, आणि कानाने खेळणारे दिग्गज हरले.)

या सर्व बदलांत माझ्या जिव्हारी लागला तो २००२ चा. तोवर सर्व्हिस करताना चेंडू हाताआड लपवता येत असे, आणि माझी सारी कीर्ती, म्हणजे आमच्या क्लबापुरती जी काही होती ती, त्या आडोशावर उभी होती. नव्या नियमाप्रमाणे चेंडू वर फेकताच मोकळा हात चेंडू आणि जाळी यांच्यामधून काढून घ्यावा लागतो; प्रतिस्पर्ध्याला चेंडू सतत दिसला पाहिजे. मी हात काढू लागलो. निदान तसे मला वाटत होते. क्लबात पंच नसतो, आणि जुने मित्र असल्या गोष्टी बोलत नाहीत.

गेल्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत माझी ती विद्यार्थिनी उपांत्य सामना खेळत होती. दोन-दोन गेम झाले होते. पाचव्यात ८-८ असताना पंचांनी तिची सर्व्हिस सदोष ठरवून गुण प्रतिस्पर्धी मुलीला दिला. त्याआधी एकदा ताकीद दिली होतीच. पुढच्या सर्व्हिसलाही तेच झाले. तिने गोंधळून माझ्याकडे पाहिले. मी पंचांवर मनातल्या मनात चरफडत होतो. ती ८-११ अशी हरली.

परतीच्या एसटीत संघातल्या एकीने मोबाइलवर टिपलेला सामना दाखवला. चेंडू वर जातो, आणि तिचा डावा हात छातीसमोर क्षणभर रेंगाळतो, कोपर किंचित बाहेर. ते कोपर मी ओळखले. ते माझे होते. तोंडाने मी नियम सांगितला होता, तिने मात्र शब्दांऐवजी हात पाहिला होता.

नारायणगाव येईपर्यंत मी गप्प होतो. पंचांनी अन्याय केला, असे संघातल्या मुली बोलत होत्या, आणि ते तसेच राहू देणे सहज शक्य होते. चहाला थांबलो तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सांगितले, 'पंच बरोबर होते. ती चूक तुझी नाही, माझी आहे.' ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मला वाटलं, तीच तुमची खासियत आहे.'

आता सकाळी साडेसहाला आम्ही दोघेही सर्व्हिसचा सराव करतो. बादलीत साठ-सत्तर चेंडू असतात. माझा खांदा तिसाव्या चेंडूला कुरकुरू लागतो, तिचा हात आठवड्याभरात सुटला. माझा अजून अडकतो. टेबलाच्या पलीकडून ती चेंडू परतवीत नाही. नुसता झेलते आणि म्हणते, 'सर, हात.'