आधी फोटो, मग फावडं

22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ओसरल्यावर बातमीसाठी फिरताना ओळखीच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात डोकावलो. करोनामुळे शाळा बंद, माल तसाच पडून होता. त्याचा पार लगदा.

सांगलीची सहा पोरं फावडी-घमेली घेऊन दारात उभी. काका हात लावू देईनात. "पंचनामा व्हायचाय रे! साफ केलं तर दाखवू काय?" तलाठी कधी येणार, कुणालाच ठाऊक नाही. वास तर उभं राहू देत नव्हता.

एक पोरगा म्हणाला, "काका, 2019 ला आमच्याकडं पण हेच झालतं. आधी फोटो, मग फावडं." मग कप्प्या-कप्प्याचे फोटो, गठ्ठे मोजून यादी, शेजाऱ्यांच्या सह्या. यादी मीच लिहिली, बातमी राहिली बाजूला. संध्याकाळी गाळ रस्त्यावर आला.

पुढे सरकारने दुकानदारांसाठी मदत जाहीर केली, कमाल 50 हजार. काकांचं नुकसान त्याच्या कितीतरी पट. विमा नव्हता. (आपल्या बाजारात किती जणांचा असतो?)

उधारीची वही मात्र पोरांनी टाकली नव्हती. पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली होती. शाई फुटलेली. दुसऱ्या दिवशी गेलो तर काका चष्मा पुसत एकेक नाव लावत बसले होते.