एका मूकपटाचें थेट प्रक्षेपण

जुना चित्रपट काळाच्या दाढेंतून सोडवून आणणें हें मोठें काम खरेंच. परंतु तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत नीट पोंचविणें हें त्याच कामाचें उत्तरांग होय, असें मला अलीकडे प्रकर्षानें वाटूं लागलें आहे.

फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट १९२७ सालीं जानेवारींत बर्लिन येथें प्रथम दाखविण्यांत आला. वर श्रीमंतांचे उत्तुंग मनोरे व खालीं, जमिनीच्या पोटांत, यंत्रांशीं झुंजणारे मजूर, अशी त्याची कथा. त्याच वर्षीं त्यास कात्री लागली व सुमारें चतुर्थांश भाग नाहींसा झाला. पुढें २००८ सालीं अर्जेंटिनांतील ब्यूनोस आयर्स येथील एका संग्रहालयांत १६ मिलिमीटरची जवळजवळ संपूर्ण प्रत सांपडली. तीवरून सुमारें २५ मिनिटांचीं दृश्यें परत मिळालीं आणि २०१० सालीं पुनरुद्धार झालेला मूकपट लोकांपुढें आला. गोटफ्रीड हुप्पर्ट्झ यांनीं रचलेल्या मूळ संगीतांतील खुणा, कोणतें दृश्य कोठें बसवावें हें ठरवितांना जाणकारांच्या उपयोगी पडल्या.

या मूकपटाचा खेळ परदेशांतील एका सभागृहांतून, वाद्यवृंदासह, इंटरनेटवरून घरबसल्या पाहावयास मिळणार असें कळतांच माझ्या आनंदास पारावार उरला नाहीं. माझ्या आजीस गेलीं कित्येक वर्षें मुळींच ऐकूं येत नाहीं. घरांत बोलपट सुरू झाला कीं ती उठून आंत जाते. हा खेळ मात्र असा होता कीं, ज्यांत तिच्यांत व आमच्यांत अंतर पडणार नव्हतें. इंग्रजी मथळे मराठींत पाटीवर लिहून तिला दाखविण्याचें काम मीं पत्करलें.

आरंभीचा तासभर उत्तम गेला. घड्याळासारख्या यंत्राचे कांटे फिरवून गलितगात्र झालेल्या तरुणास पाहून आजी कळवळून म्हणाली, “अरे, त्याला कोणी घोटभर पाणी तरी द्या रे!”

नंतर चित्र अडखळूं लागलें. काळोख्या दृश्यांचे चौकोनी तुकडे पडूं लागले. संगीत पुढें धांवे, चित्र मागें राही. मजुरांच्या नगरींत पाणी शिरलें, तेव्हां तर पडदा गोठूनच गेला. वाद्यें मात्र गर्जत होतीं. आम्ही त्या सुरांवरून पुराची कल्पना करीत बसलों. आजीपुढें केवळ एक निश्चल, डागाळलेलें चित्र होतें. “संपलें का रे?” तिनें विचारलें. मीं पाटीवर ‘थांब’ असें लिहिलें. चित्र पुन्हां हलूं लागलें, तों शेवटचा समेट चालला होता.

कोणी म्हणतील, फुकटच्या खेळाबद्दल तक्रार कसली? मला हें पटत नाहीं. ब्यूनोस आयर्सच्या प्रतीवरील ओरखडे मला खटकले नाहींत. ते त्या मूकपटाच्या प्रवासाचे व्रण आहेत, आणि त्यांच्या आडूनही माणसांचे चेहरे ओळखूं येतात. हें तुटणें निराळें. मूकपटांत चित्र हेंच बोलणें. तें तुटलें कीं बोलणेंच तुटलें. ज्यास संगीताचा आधार आहे त्यास निदान अर्धा खेळ तरी मिळतो. ज्यास तो नाहीं, त्याच्या पदरांत कांहींच पडत नाहीं.

ऐंशी वर्षें हरवलेलीं दृश्यें शोधून काढणाऱ्यांचे श्रम शेवटच्या चार पावलांवर वायां जावे, याचें वाईट वाटतें. आमच्या शाळेच्या सभागृहांत मोठ्या पडद्यावर हा मूकपट कधीं लागलाच, तर पहिल्या रांगेंत आजीसाठीं एक खुर्ची राखून ठेवावी, एवढीच चालकांस नम्र विनंति आहे. पाटी मी घेऊन येईन.