परधानांची किंगरी आणि आमची प्रश्नावली

संज्ञापन आणि समाज यांच्या परस्परसंबंधांचे अध्यापन व संशोधन ज्याने जन्मभर केले, त्याने आपल्या शास्त्राची कसोटी तेलंगणातील बेल्लमपल्लीसारख्या ठिकाणी लावून पाहावी, असे माझे मत दीर्घ अनुभवांती बनले आहे. काझीपेठ ते बल्लारशा हा लोहमार्ग १९२९ साली पुरा झाला; त्याच सुमारास येथे कोळशाच्या खाणी सुरू झाल्या आणि नाना मुलखांतील मजूर येऊन तेलुगू, दखनी, हिंदी व मराठी बोलणारी वस्ती उभी राहिली. परंतु येथून आसिफाबाद गाठून केरामेरीचा घाट चढला, की गोंड, कोलाम आणि गोंडांचे परंपरागत गायक परधान यांचा प्रदेश लागतो, आणि खाणीच्या वसाहतीत बिनचूक चाललेली आमची प्रश्नावली तेथे निरुपयोगी ठरते.

या प्रश्नावलीत वृत्तपत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि अलीकडे मोबाइल असे रकाने असतात. ज्या समाजात कुळाची उत्पत्ती, देवांची स्थापना आणि पूर्वजांची स्मृती पिढ्यान्‌पिढ्या परधानाच्या मुखातून आणि त्याच्या किंगरी या तंतुवाद्याच्या सुरातून पोहोचत आली, त्या समाजातील श्रोत्याला या रकान्यांपुढे उभे केले, तर तो माध्यमहीन म्हणून नोंदला जातो, आणि ही नोंद पुढे शास्त्रीय निष्कर्ष म्हणून मिरवते. विशेष हे की, आदिलाबादच्या या परधानांची घरची भाषा मराठी आहे, आणि यजमान गोंडांपुढे ते गातात ते गोंडीत. आपल्याच भाषेतील एक संपूर्ण समाज दुसऱ्या भाषेचे पुराण जतन करीत आला, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांतील मराठीच्या आणि माध्यमांच्या अभ्यासक्रमांत क्वचितच शिकवली जाते, याचा मला मनापासून खेद वाटतो.

संज्ञापन तुटले म्हणजे काय होते, हे आदिलाबाद जिल्ह्याने १९४० साली पाहिले आहे. जंगल राखीव होत होते, गोंडांच्या जमिनी हातच्या जात होत्या, आणि ज्या सरकारी दप्तरात त्यांची दाद लागायची, त्याचा कारभार उर्दूत चाले. ज्यांच्या अर्जांना अंमलदारांकडून उत्तर मिळाले नाही, ते कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली उठले, आणि जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी भीम मारले गेले. त्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे अभ्यासण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले, जो महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून हैदराबाद संस्थानातच अडकून पडला होता आणि पुढे उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याचे ग्रंथ थोर आहेतच. पण मला त्याहून थोर वाटते ते मारलवाई या गावचे काम, जेथे १९४३ साली गोंड तरुणांना शिक्षक करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. संशोधकाने ज्यांच्याकडून ज्ञान घेतले त्यांच्याच हाती ते वाचता येईल अशा रूपात परत दिले, असे उदाहरण आमच्या शास्त्रात दुर्मीळ आहे. त्याच काळातील सेतुमाधवराव पगडी मुलकी खात्यातले अंमलदार होते, तरी गोंडी शिकून त्यांनी तिचे व्याकरण लिहिले. पदवी, पद आणि अनुदान यांच्या बळावर दुभाष्यामार्फत मुलाखती घेणाऱ्या आम्हा प्राध्यापकांनी त्या श्रमापुढे नतमस्तक व्हावे.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि किनवट व राजुरा आदिलाबादपासून वेगळे होऊन मुंबई राज्यात आले. नाती आणि यजमानी सरहद्दीपलीकडे तशीच राहिली. संशोधनाची मात्र वाटणी झाली. अलीकडे हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात सामुदायिक माध्यमांचे युनेस्को अध्यासन स्थापन झाले, आणि त्याच विद्यापीठातील अभ्यासकांच्या प्रयत्नांनी गुंजाळा गावच्या गोंडी हस्तलिखितांची लिपी प्रकाशात येऊन २०१८ साली युनिकोडमध्ये गेली. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी त्या कामाला हातभार लावला असता, तर मराठीभाषक परधानांपर्यंत ते किती सहज पोहोचले असते!

आता दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचे मुकुट घातलेले घुसाडी नर्तक आणि त्यांच्यामागे दंडारी नाचाचे मेळे गावोगाव फिरतील, आणि आमचे विद्यार्थी ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन त्यांच्यामागून जातील. त्यांना माझे सांगणे असते की, परधानाचे गायन ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी गायकाची संमती पुरेशी मानू नये. हे गायन वंशपरंपरेने ज्या यजमानकुळाशी बांधलेले आहे, त्या कुळाच्या वडीलधाऱ्यांनाही विचारावे, कारण त्या कथेत त्यांचे देव आणि त्यांचे पूर्वज आहेत. गायक तिचा वाहक आहे आणि कूळ तिचा धनी. विद्यापीठाच्या संमतिपत्रात एकाच सहीची जागा असते. मी माझ्या विद्यार्थ्यांना तिच्याखाली हाताने ओळ आखून दुसरी सही घ्यायला लावतो, आणि जेथे दुसऱ्या सहीला नकार मिळतो तेथे यंत्र बंद ठेवून नुसते ऐकायला सांगतो.