बोन गांवचें द्राक्षमद्याचें दुकान

मद्याच्या दुकानाची पायरी मी जन्मांत कधीं चढेन असें मला वाटलें नव्हतें. आणि चढल्यावर तिची हकीकत घरोघरीं वाचल्या जाणाऱ्या मासिकासाठीं लिहावयास बसेन, हें तर स्वप्नांतहि आलें नव्हतें. मथळा वाचूनच ज्या भगिनींना पान उलटावेंसें वाटेल त्यांना एवढेंच सांगतें कीं, त्या दुकानांत मी चार वेळां गेलें आणि चारहि वेळां कोरडीच परत आलें. एका वेळीं थोडा घोटाळा झाला, पण तो पुढें सांगेन.

माझी कन्या फ्रान्स देशांतील दिझों शहरीं एका प्रयोगशाळेंत नोकरीस आहे. २०२३ सालच्या नोव्हेंबरांत मी तिच्याकडे महिनाभर राहिलें. दिझोंहून आगगाडीनें दक्षिणेस निघालें कीं बोन हें गांव अर्ध्या तासाच्या आंत येतें. वाटेंत उजव्या हातास एक बुटकी टेंकडी सारखी सोबत करीत असते. तिच्या पूर्वेकडील उतारावर द्राक्षवेलींच्या रांगा, खुरटलेल्या, कमरेएवढ्या, एकसारख्या. नाशिककडच्या मांडवावर चढलेल्या वेलींची आठवण ठेवून आलेल्या मला ही शेती प्रथम अगदींच दरिद्री वाटली. परंतु बर्गंडीचें सारें नांव या चिंचोळ्या पट्ट्यावर उभें आहे. पन्नास-साठ किलोमीटर लांबीच्या या उताराचे लहान लहान तुकडे पाडलेले असून त्यांतील प्रत्येकास स्वतःचें नांव आहे. अशीं १,२४७ नांवें २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेलीं. वुझो येथील तटबंदीचा एक मळा मध्ययुगांत सिस्तर्सियन साधूंनीं लावलेला. राज्यक्रांतींत तो धर्मसंस्थेकडून काढून घेतला गेला, आणि आज त्या पन्नास हेक्टरांस सुमारें ऐशीं धनी आहेत. फ्रेंच वारसा कायद्यानें सर्व मुलांस वांटा मिळतो, त्यामुळें एकेकाच्या वांट्यास वेलींच्या दोन-चार रांगा येतात. कोंकणांतील भाऊबंदकी पाहिलेल्यांस याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. नवल एवढेंच कीं, येथें तुकडा जितका लहान तितकी त्याची ओळख अधिक.

बोन गांव जुन्या तटाच्या आंत वसलेलें आहे. दुकान एका अरुंद गल्लींत, दोन पायऱ्या उतरून जावें लागतें असें. (चढण्याऐवजीं पायरी उतरावी लागली, हा संकेत मला फारसा आवडला नाहीं.) दर शनिवारीं सायंकाळीं तेथें एखादा मळेवाला आपल्या पांच-सहा बाटल्या घेऊन येतो आणि गांवची माणसें त्या चाखावयास जमतात. माझ्या कन्येस ही जागा तिच्या सहकाऱ्यांनीं दाखविली. "आई, तूं नुसती बस. कोणी आग्रह करणार नाहीं," असें तिनें मला तीन वेळां बजावलें, यावरून तिच्याहि मनांत धाकधूक असावी.

दुकानाची मालकीण साठीच्या घरांतील विधवा बाई. काळा एप्रन, कानावर अडकविलेला खडू. तिनें माझ्यापुढें पाण्याचा पेला ठेवला आणि दुसऱ्या कोणाकडे पाहतो तसेंच माझ्याकडे पाहून कामास लागली. पेल्यांत दोन घोट मद्य ओतावयाचें. उजेडाशीं धरून रंग पाहावयाचा. पेला गरकन फिरवून त्यांत नाक घालावयाचें. मग तोंडांत घेऊन चुळ भरल्यासारखें खळखळवावयाचें. आणि नंतर, मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, तें सारें कोपऱ्यांतल्या भांड्यांत थुंकून टाकावयाचें! आमच्या आजोबांच्या ओसरीवर पितळेची पिकदाणी होती, अगदीं त्याच घाटाचें तें भांडें. मद्यपान म्हणजे न थुंकणें एवढीच माझी आजवरची समजूत. येथें डॉक्टर, शिक्षिका, पोस्टांतला कारकून असे सभ्य लोक एकामागून एक वांकून थुंकत होते, आणि मग अत्यंत गंभीरपणें त्याविषयीं वाद घालीत होते. वाद चवीचा कमी आणि जमिनीचा अधिक. हा वरच्या अंगाचा कीं खालच्या? तेथें चुनखडी लागते कीं चिकणमाती? त्या वर्षीं पाऊस केव्हां पडला? या साऱ्यास, म्हणजे माती, उतार, वारा, ऊन यांस मिळून, त्यांच्या भाषेंत 'तेरवार' असा एकच शब्द आहे.

येथें घरची एक गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. माझे थोरले काका पीत असत. पुण्यास सदाशिव पेठेंतील वाड्यांत, दारूबंदीच्या काळीं, लपूनछपून. काय पीत आणि कोठून आणीत हें घरांत कोणासहि ठाऊक नव्हतें, कारण कोणी विचारलेंच नव्हतें. पाहुण्यांस आजी सांगे, "त्याची प्रकृति बरी नसते." त्यांचें ताट वेगळें, मागच्या सोप्यांत. आजीच्या पाटल्या गेल्या, मग काकूंचें मंगळसूत्र गेलें, मग काका गेले. आणि काकू आपल्या भावाकडे कोंकणांत निघून गेल्या. एवढें होऊनहि 'दारू' हा शब्द आमच्या घरांत मोठ्यानें उच्चारला गेला नाहीं. त्याच घरांत बाळंतिणीस आणि अशक्त मुलांस चमचा-चमचा द्राक्षासव मिळे. तें धायटीचीं फुलें घालून आंबवितात आणि आंबल्यानेंच त्याचें आसव होतें, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

दुसऱ्या शनिवारीं माझें लक्ष बाटल्यांकडे नसून भिंतीवरच्या फळ्याकडे होतें. त्यावर बाई खडूनें गांवच्या वार्ता लिहिते. कोणाच्या आईचा अंत्यविधि केव्हां, कोणाचें मांजर हरवलें, शाळेसाठीं जुनीं पुस्तकें कोठें द्यावयाचीं. एका ओळीखालीं रेघ ओढलेली होती. एक मळेवाला शिडीवरून पडून त्याचा पाय मोडला होता, आणि हिवाळ्यांत त्याच्या वेलींची छाटणी कोण कोणत्या दिवशीं करणार त्यांचीं नांवें खालीं मांडलेलीं होतीं. कन्येनें विचारून मला समजाविलें. संत व्हॅंसॉं हा मळेवाल्यांचा रक्षक. त्याच्या नांवाच्या परस्परसाहाय्य मंडळ्या येथें गांवोगांव पूर्वापार आहेत; सभासद आजारी पडला तर बाकीच्यांनीं त्याचा मळा सांभाळावयाचा. १९३८ पासून या मंडळ्या जानेवारींत दर वर्षीं पाळीपाळीनें एकेका गांवीं एकत्र जमतात आणि संताच्या लाकडी मूर्ति खांद्यावर घेऊन मिरवितात. मूर्ति, पालखी, गांवजेवण, आणि अडलेल्याच्या शेतावर सर्वांनीं मिळून राबणें! आपल्याकडे याला इर्जिक म्हणत. मीं तो शब्द बाईस सांगितला. तिनें तो दोनदां म्हणून पाहिला आणि तिच्या तोंडीं तो फ्रेंचच वाटला.

फळ्याच्या बाजूस एक छायाचित्र होतें: काळोखांत एका डोंगरउतारावर हजारों दिवे. मला आपली त्रिपुरी पौर्णिमा वाटली. परंतु तें २०२१ सालच्या एप्रिलांतलें दहिवर होतें. वेलींस कोंब फुटले असतां थंडी उलटली आणि कोंब गोठूं नयेत म्हणून लोकांनीं रात्रभर रांगांमधून मेणाचीं भांडीं पेटवून ठेवलीं. एवढें करूनहि त्या वर्षींचें पीक, विशेषतः पांढऱ्या द्राक्षांचें, फार गेलें.

बोनचें जुनें रुग्णालय पाहण्यासारखें आहे. निकोला रोलॅं नांवाच्या सरदारानें व त्याच्या पत्नीनें १४४३ साली तें गोरगरिबांसाठीं स्थापिलें. रंगीत कौलांच्या नक्षीचें त्याचें छप्पर पाहावयास जगांतून लोक येतात. १९७१ पर्यंत तेथें खरोखरीचे रोगी असत. लोकांनीं पुण्य म्हणून दान दिलेले मळे या संस्थेकडे आहेत आणि त्यांच्या मद्याचा लिलांव १८५९ पासून होत आला आहे, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारीं. २०२२ साली धर्मादायासाठीं काढलेल्या एका पिंपास ८,१०,००० युरो आले. लिलांवाच्या गर्दींत आम्हीं थोडा वेळ उभें राहून पाहिलें. मोटारी, छायाचित्रकार, उंची फरचे कोट. मला तेथें करमलें नाहीं.

लिलांवाच्या दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं, जवळच्या मर्सो गांवीं एक मोठें जेवण असतें. पूर्वी हंगाम संपल्यावर मजुरांस जें जेवण देत, त्याचेंच १९२३ साली तेथील एका उमरावानें पुनरुज्जीवन केलें. त्याचा नियम असा कीं, प्रत्येकानें आपली बाटली आणावयाची आणि ती शेजाऱ्यांस वांटावयाची. पुढें त्याला एका वाङ्मयीन पारितोषिकाचीहि जोड मिळाली. लेखकास शंभर बाटल्या! (आमच्या साहित्यसंमेलनांनीं हा पायंडा पाडूं नये हें बरें.) त्या जेवणास जागा मिळणें सामान्यांस कठीण, म्हणून आमची दुकानदारीण त्याच रात्रीं दुकानांत लांबलचक फळ्या टाकून आपल्या गिऱ्हाइकांचें एक जेवण करते. नियम तोच. मला बोलावणें आलें तेव्हां कन्या म्हणाली, "आई, आपण एखादी बाटली विकत घेऊं." मीं म्हटलें, "विकत कशाला? माझी आहे." पुण्याहून येतांना मीं तिच्यासाठीं अमृतकोकमाची बाटली कपड्यांत गुंडाळून आणली होती.

आतां तो घोटाळा. माझ्यासाठीं भाजलेले बटाटे, पाव, अळंबीं आणि चीज असें निराळें ताट केलें होतें. एक चीज मऊ, नारिंगी सालीचें, उग्र वासाचें. अर्धा घास पोटांत गेल्यावर शेजारच्या शिक्षिकाबाईंनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, एप्वास नांवाचें हें चीज पिकतांना द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेल्या मद्यार्कानें धूत असतात. उरलेला घास मीं रुमालांत घेतला. कोरडेपणाचें माझें म्हणणें वाचकांनीं एवढ्यापुरतें ढिलें करून घ्यावें.

माझी पाळी आली तेव्हां बाईनें अमृतकोकम पाणी घालून चौदा पेल्यांत ओतलें. सर्वांनीं तें उजेडाशीं धरलें. असा लाल रंग आमच्याकडे कोणत्याच तुकड्यांत होत नाहीं, असें पोस्टांतला कारकून म्हणाला. फिरवून झालें, हुंगून झालें. थुंकलें मात्र कोणी नाहीं. मग प्रश्न सुरू झाले. फळ कोणतें? मीं रातांबा सांगितला; सालींत साखर भरून उन्हांत कसें ठेवतात तेंहि सांगितलें. वर्ष कोणतें? याच वैशाखाचें. केलें कोणी? काकूंच्या भाच्याच्या बायकोनें. काकू होत्या तोंवर त्या करीत, आतां ती करते, आणि दर मे महिन्यांत माझ्या भावाकडे एक डबा येतो. गांव कोणतें?

मी गप्प झालें. कोंकण, असें म्हटलें. रत्नागिरीकडे, असें म्हटलें. "काकूंच्या माहेरचें" हेंच आम्हां सर्वांस पुरत असे. जिला आम्हीं त्या घरांतून रित्या गळ्यानें जाऊं दिलें, तिच्या हातचें सरबत मी चाळीस वर्षें प्यालें आणि तिच्या गांवाचें नांव मला आठवेना. बाई थांबली, मग खडूनें बाटलीवर नुसतें 'कोंकण' लिहिलें आणि पुढें एक रिकामी रेघ ओढून ठेवली.

बाईच्या उजव्या हातास तिचा धाकटा भाऊ बसला होता. त्याच्या पुढ्यांतला पेला उपडा घातलेला. मला वाटलें, हाहि माझ्यासारखाच. बाईनें त्याच्या देखतच, पाव पुढें करावा इतक्या सहजपणें, सांगितलें: "हा अकरा वर्षें प्यालेला नाहीं. प्याला तर मरेल. त्यापूर्वी या गांवांत त्याच्यासारखें नाक कोणाचें नव्हतें, अजूनहि नाहीं." कोणी खालीं पाहिलें नाहीं, कोणी विषय बदलला नाहीं. दर नवी बाटली उघडली कीं पेला त्याच्याकडे जाई. तो हुंगे, तुकड्याचें नांव सांगे, आणि पेला पुढें सरकवी. मद्याच्या देशांत मद्य कोणास खात नाहीं असें मी म्हणत नाहीं. तेथेंहि १९५६ पर्यंत शाळेंतल्या लहान मुलांच्या जेवणांत मद्य देत, आणि १९९१ साली मद्याच्या जाहिरातींवर कायद्यानें बंधन घालावें लागलें. एवढें मात्र मीं पाहिलें कीं, त्या माणसाचें ताट त्याच फळीवर मांडलेलें होतें. अमृतकोकमाचा पेला त्यानें सरळ केला आणि सबंध प्याला. दुसऱ्यांदां मागितलें. तें पाहतांना मला मागच्या सोप्यांतल्या ताटाची आठवण झाली आणि मी कांहीं वेळ बाहेर गल्लींत जाऊन उभी राहिलें. कन्या मागोमाग आली. तिला मीं काकांची सर्व गोष्ट तेथें प्रथम सांगितली. ती तीस वर्षांची आहे.

रात्रीं दिझोंस परतल्यावर पुण्यास पहांट होण्याची वाट पाहिली आणि भावास दूरध्वनि केला. त्यालाहि चटकन् सांगतां येईना. मग त्यानें माळ्यावरची वडिलांची जुनी ट्रंक काढली. तींत काकूंस पाठविलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या निघाल्या. वडील त्यांस दरमहा पैसे पाठवीत होते, हेंहि आम्हां दोघांस तेव्हांच कळलें. पत्ता होता राजापूर तालुक्यांतील आडिवरें गांवचा.

निघण्याच्या आदल्या दिवशीं मी चौथ्यांदां दुकानांत गेलें, या खेपेस एकटीच. भाषा येत नव्हती. नांव कागदावर रोमन लिपींत लिहून नेलें होतें. रिकामी बाटली खिडकींत इतर बाटल्यांच्या रांगेंत ठेवलेली होती. बाईनें कानावरचा खडू काढला, रिकाम्या रेघेवर एकेक अक्षर पाहून लिहिलें आणि नंतर माझ्याकडून नांव म्हणवून घेतलें. 'ड' तिला कांहीं केल्या येईना. आंत पेटीवर बसून पावत्या लावीत असलेल्या तिच्या भावानें तिथूनच एकदां म्हणून पाहिलें. त्याचें बरेंच जवळ आलें.