सारसांच्या गावी एक दिवस

विदर्भाला समुद्र नाही, पण गोंदिया-भंडाऱ्याकडे तलाव इतके आहेत, की पाण्याकाठचा दिवस हवा असेल तर कोकणच गाठायला हवं असं मुळीच नाही. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले मोठे तलाव आणि शेताशेतातल्या लहान बोड्या, यांवरच इथला धान पिकतो. बिरसी म्हटलं की आता सर्वांना विमानतळ आठवतो. ही धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. पण मैत्रिणींनो, याच भागातल्या परसवाडा आणि झिलमिली या तलावांवर थंडीत दूरदेशीचे पाहुणे उतरतात, त्यांना विमान लागत नाही!

डिसेंबर-जानेवारीत एखादा रविवार काढावा आणि गोंदियाहून उजाडण्यापूर्वीच निघावं. साडी किंवा पंजाबी ड्रेस फिकट, मातकट रंगाचा असावा. भडक रंग पाखरांना लांबूनच दिसतो. सोबत शाल, पाणी, थालीपीठ-चटणीचा डबा आणि शक्य असल्यास दुर्बीण असावी. मुलांना घेऊन जायला हरकत नाही, पण आरडाओरडा करायचा नाही हे घरीच बजावून ठेवावं.

धुकं विरू लागलं की पाण्यावर वर्दळ दिसते. काळ्या चोचीला पिवळं टोक आणि कपाळाशी लाल ठिपका असलेलं एक बदक आहे. त्याला मराठीत नावच मुळी हळदीकुंकू! पांढऱ्या कपाळाचे काळे वारकरी थव्याने पोहतात. लांब बोटांचा कमळपक्षी पानांवरून असा चालतो, जणू जमिनीवरच आहे. टिबुकली डुबकी मारते आणि भलतीकडेच वर येते. मुलं तर तिच्यावरच खूश होतात. मधूनच एखादा ढिवर डोंग्यातून जाळं टाकताना दिसतो. पाखरं त्याला बुजत नाहीत, त्यांना त्याची सवय असते.

पण या भागाचं खरं वैभव म्हणजे सारस. जवळजवळ माणसाएवढा उंच, राखाडी अंगाचा आणि तांबड्या डोक्याचा हा पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याएवढा उंच दुसरा नाही. धान कापून झालं की लाखोळीच्या हिरव्या बांध्यांतून जोडी सावकाश चरत असते. नर-मादी माना उंचावून एकत्र हाक देतात. ती फार लांबवर ऐकू येते. जोडी सहसा जन्मभर टिकते. वाल्मीकींच्या कथेतला क्रौंच म्हणजे सारसच, असं पुष्कळांचं मत आहे.

हे सारे पाहताना एक गोष्ट मनात ठेवायला हवी. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि अलीकडच्या मोजण्यांत इथली संख्या पन्नाशीच्या आतच आहे. विजेच्या तारांचा धक्का आणि शेतातली विषारी औषधं यांनी काही दगावले. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नात लक्ष घातलं. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था आणि वनखातं दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस सारस मोजतात.

पावसाळ्यात हा पक्षी उभ्या धानात, गुडघाभर पाण्यात गवत-काड्यांचा ढीग रचतो. त्यात बहुधा दोन अंडी असतात. महिनाभर नर-मादी आळीपाळीने ती उबवतात. घरट्यापायी शेतकऱ्याचा तेवढा धान आडवा होतो. जो शेतकरी हे सोसतो आणि पोराबाळांनाही तिकडे फिरकू देत नाही, त्याच्याच बांधीत पिल्लू मोठं होतं. म्हणजे एका कुटुंबाच्या पसाभर धानावर हे सारे उभं आहे.

म्हणून आपणही पाहुण्यांसारखंच वागावं. बाळंतिणीच्या खोलीत आपण जशा हळू पावलांनी जातो, तसं तलावाकाठी जावं. पावसाळ्यात घरट्याच्या जवळपास जाऊच नये, फोटोसाठी तर नाहीच. बांधावरून चालताना पीक तुडवू नये, मालकाला आधी विचारावं. डब्याचे कागद, पिशव्या सोबत परत आणाव्यात. आणि परतताना त्याच गावातून पाच-दहा किलो तांदूळ विकत घ्यावा. आपल्या घरी भात शिजेल आणि ज्याने सारसासाठी धान सोडला, त्याच्या पदरात चार पैसे पडतील.