घाटात थकलेली गाडी

बोरघाट वाहनांची कसोटी पाहतो. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची उंची थोड्याच अंतरात चढावी लागते. १८६३ साली सुरू झालेल्या इथल्या लोहमार्गावर आजही अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. सपाटीवर झाकलेले दुखणे या चढणीवर उघडे पडते.

माझ्या मामांची एम. जी. बी. इथेच अडू लागली. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेली ही स्पोर्ट्स कार. इंजिन १७९८ सी. सी., कार्बोरेटर दोन. कामशेत, वडगावपर्यंत ती झोकात धावे; खोपोलीहून वर येताना मात्र निम्म्या वाटेत तिचा जोर ओसरे. जरा थांबले की पुन्हा चाले. एका गॅरेजने इंजिन खोलण्याचा सल्ला दिला. खर्चाचा आकडा ऐकून मामेभावांनी गाडी विकायचे ठरवले. ऐंशीच्या घरातले मामा काही बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी गाडी पुसणे त्यांनी सोडून दिले.

लोणावळ्याच्या एका वृद्ध मिस्त्रींनी घाई केली नाही. उंचावरच्या विरळ हवेचा हा परिणाम असावा, असे कुणी सुचवले. ते हसून म्हणाले, “त्यानं शंभरातला पाच-सहा भाग जोर जाईल. निम्मा कसा जाईल?” त्यांनी चाके उचलून ब्रेक अडकत नाहीत ना, हे पाहिले. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले. ते सारखे आणि पुरेसे भरले. म्हणजे इंजिन धडधाकट होते. घाटात जोर जाताच गाडी थांबवून प्लग काढले, तर त्यांची टोके फिकट पांढरी. हवा पुरेशी, पेट्रोल अपुरे, असा त्याचा अर्थ.

या गाडीचा विजेवर चालणारा पंप मागच्या बाजूला असतो. कार्बोरेटर भरले की त्याची टिकटिक थांबायला हवी. इथे ती भराभर, अखंड चालली होती. पंप पेट्रोलाबरोबर हवाही ओढत होता! टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी कडक होऊन तडकली होती. सपाटीवर येणारे थोडे पेट्रोल पुरत होते. चढणीची भूक भागत नव्हती. २०२५ सालापर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. जुन्या घडणीचे रबर त्यात लवकर खराब होते. इथेनॉल सोसणारी नळी बसवली, कार्बोरेटरचे मिश्रण जुळवले आणि गाडी न थांबता घाट चढून आली.

वाचकहो, चढणीवर थांबणाऱ्या माणसालाही आपण चटकन ‘झिजला’ म्हणून मोकळे होतो. त्याच्यापर्यंत काय पोहोचत नाही, याची चौकशी करायला वेळ द्यावा लागतो. गाडी विकावी का, हे आमच्यापैकी कुणीही मामांना विचारले नव्हते. परवा मामेभावाने विचारले. मामा अर्धा तास बोलत होते.