बारचे बिल आणि विहाराची किल्ली

गेल्या महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी आम्ही चौघा मित्रांनी मिळून ५,६३० रुपये दारूत घालवले. शनिवारी चेंबूर स्टेशनजवळच्या बारमध्ये १,३४०, तिथून उठून कुर्ल्याच्या नेहरूनगरकडे गेलो तिथे २,११०, आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा वस्तीच्या नाक्यावरच्या बारमध्ये २,१८०. रविवारचे बिल अजून आमच्याकडे आहे. ते का जपून ठेवले ते पुढे सांगतो.

आम्ही चौघेही जयभीमवाले. १४ एप्रिलला मिरवणुकीत पुढे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेतल्या लोकांना पाणी वाटणारे. एक बँकेत, एक पालिकेत, एक रिक्षा चालवतो, एक वकिली शिकून कोर्टात धक्के खातो. वस्तीतल्या विहाराच्या कमिटीत आमच्यातले दोघे आहेत. म्हणजे पाचवे शील काय सांगते आणि बावीस प्रतिज्ञांमध्ये दारूबद्दल काय आहे, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. पाठ आहे. तरी आम्ही गेलो. का गेलो, याचा प्रामाणिक हिशोब मांडायचा म्हणून हा लेख.

शनिवारी बँकेतल्या मित्राचा फोन आला. आवाज पडलेला. "भावा, बसूया का?" एवढेच म्हणाला. आमच्याकडे 'बसूया' म्हणजे कुठे, हे विचारावे लागत नाही. त्याच्या ऑफिसात प्रमोशनची यादी लागली होती. त्याचे नाव होते. नाव होते म्हणूनच दिवसभर टोमणे खाल्ले होते. ही गोष्ट त्याला घरी सांगता येत नव्हती. एका खोलीचे घर. म्हातारे वडील कॉटवर, दोन पोरे जमिनीवर अभ्यासाला, बायको स्वयंपाकाच्या ओट्याशी. बाप प्रमोशनच्या दिवशी रडला हे पोरांनी बघावे असे कोणत्या बापाला वाटेल?

पहिल्या बारमध्ये तो बोलला. दुसऱ्या पेगला रडला. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. वेटरने न मागता चण्याची प्लेट आणून ठेवली आणि दिव्याखालचे टेबल सोडून कोपऱ्यातले दिले. हे आम्ही नाकारणार नाही. त्या रात्री त्या बारने आमच्या मित्राला बसायला खुर्ची दिली. पंख्याखाली, दारामागे, कोणी 'उठा' म्हणणार नाही अशी.

आमच्यातला एकजण नेहमी म्हणतो, की शहरात जात न विचारणारी जागा एकच, ती म्हणजे बार. चहाचा कप वेगळा ठेवणारे लोक इथे एकाच ताटातला चकणा खातात. ऐकायला बरे वाटते. त्या रात्री त्याचीही परीक्षा झाली. नेहरूनगरच्या बारमध्ये बँकेतल्या मित्राचा एक सहकारी भेटला. चांगला माणूस, आग्रहाने आमच्या टेबलावर आला. खुर्ची ओढली, खांद्यावर हात टाकला, एका प्लेटमधून सगळ्यांनी खाल्ले. आम्हालाही वाटले, बघा, सहभोजन झाले. तिसऱ्या पेगनंतर तोच म्हणाला, "तुम्हा लोकांचं बरं आहे यार, आम्हाला कोण देतंय?" हसत म्हणाला. आम्हीही हसलो. ते हसणे अजून घशात अडकले आहे.

दारूने त्याच्या मनात नवे काही घातले नाही. आत होते ते बाहेर आले एवढेच. पण आमचे काय झाले ते जास्त गंभीर आहे. शुद्धीत असतो तर आमच्यातल्या वकिलाने त्याला संविधानाचे कलम १६ समजावून सांगितले असते, शांतपणे, मुद्द्याने. त्या रात्री वकिलाने फक्त ग्लास उचलला. बुद्धाने पाचव्या शीलात दारूला पाप म्हटलेले नाही. तिथला शब्द 'पमाद' आहे. पमाद म्हणजे गाफील होणे. ज्याच्या विरोधात व्यवस्था रात्रंदिवस जागी आहे त्याने गाफील होणे म्हणजे काय, ते आम्ही त्या टेबलावर बघितले.

रविवारी सकाळी नऊला विहारात वंदना होती. आम्ही गेलो. डोके जड, तोंडात बडीशेप. पंचशील मोठ्याने म्हटले. पाचवे शील आले तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. वंदना संपल्यावर वस्तीतली एक मुलगी कमिटीला भेटायला थांबली. एमपीएससीची तयारी करते. तिचे म्हणणे साधे होते. विहाराची वरची खोली रात्री अकरापर्यंत उघडी ठेवा. घरी टीव्ही चालू असतो, खाजगी अभ्यासिकेची फी परवडत नाही, आणि रात्री तिथून एकटीने परत येणे घरच्यांना नको वाटते. आमच्यासारख्या सहा-सात जणी आहेत, म्हणाली.

कमिटीने नेहमीचे उत्तर दिले. लाइटबिल, साफसफाई, रात्री थांबणारा माणूस, सगळे मिळून महिन्याला अडीच हजार रुपये लागतील. फंड नाही. पुढच्या बैठकीत बघू. आमच्यातल्या दोघांनी त्यावर मान डोलावली. ५,६३० पैकी ३,४५० रुपये आदल्या रात्रीच गेले होते.

आता रविवारचे बिल. संध्याकाळी आम्ही पुन्हा भेटलो. कारण? वरच्या खोलीचा विषय बोलायचा होता. हसू नका. खरोखर त्याच विषयासाठी भेटलो, आणि भेटायला जागा नव्हती म्हणून नाक्यावरच्या बारमध्ये बसलो. पहिल्या राउंडला मुद्देसूद बोललो. कोणाकडून किती वर्गणी, किल्ली कोणाकडे, मुलींसाठी वेळ कशी. दुसऱ्या राउंडला खोलीत ग्रंथालय आले. तिसऱ्याला दहा कॉम्प्युटर आणि यूपीएससीचे मार्गदर्शन केंद्र. वेटरकडून पेन घेऊन आधीच्या राउंडच्या बिलामागे नकाशा काढला. टाळ्या दिल्या. सोमवारी चौघांपैकी एकानेही त्यावर फोन केला नाही. बुधवारी पँट धुवायला टाकताना खिशात ते बिल सापडले. पुढच्या बाजूला २,१८०, मागच्या बाजूला ग्रंथालय.

मित्रांनो, आपल्या चळवळीचे किती ठराव असे बिलाच्या मागच्या बाजूला पडून आहेत?

इथे काही भाऊ म्हणतील की तुम्ही सवर्णांचीच भाषा बोलताय. दलित दारुडे असतात ही त्यांचीच शिवी ना? बरोबर आहे, शिवी त्यांचीच आहे आणि ती खोटी आहे. त्यांच्या क्लबातली दारू 'सोशल ड्रिंकिंग' आणि आपल्या नाक्यावरची दारू व्यसन, हा दुटप्पीपणा आम्हालाही दिसतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा कागदावर आजही आहे, म्हणून तर बारला 'परमिट रूम' म्हणतात. संविधानाच्या कलम ४७ मध्ये दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि त्याच राज्याची तिजोरी उत्पादन शुल्काने भरते. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराच्या वर माणसे मेली, ती गरीब वस्तीतली होती. हे सगळे खरे आहे. पण त्यांची शिवी खोटी आहे म्हणून आपले बिल खोटे ठरत नाही.

दुसरे भाऊ म्हणतील, मग सरळ सोडा ना, एवढा लेख कशाला? बाबासाहेबांनी सांगितले, विषय संपला. त्यांना आमचे म्हणणे असे, की बाबासाहेबांनी नुसते सांगितले नव्हते. २० जुलै १९२४ ला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने सुरुवातीच्या काळात काय केले ते आठवा. सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. मुंबईत मोफत वाचनालय चालवले. आणि महार हॉकी क्लब काढला. हॉकी! कशासाठी? तर पोरे जुगार आणि दारूपासून दूर राहावीत, त्यांना संध्याकाळी करायला काहीतरी असावे म्हणून. पोराच्या हातातला ग्लास काढायचा तर त्या हातात दुसरे काहीतरी द्यावे लागते, हे शंभर वर्षांपूर्वी त्या सभेला कळले होते.

घर लहान आहे हे कारण बाबासाहेबांच्या घरालाही होते. परळच्या एका खोलीत वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवत, हे आपण भाषणात सांगतो. पण त्याच बाबासाहेबांनी 'मी केले तसे प्रत्येकाने रात्री दोनला उठा' असे सांगून हात झटकले नाहीत. वसतिगृहे काढली, वाचनालये काढली, कॉलेज काढले. पुढे १९७२ ला दलित पँथर उभी राहिली तेव्हा वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाच्या खोल्यांतून पोरे रात्र रात्र वाद घालत बसत. चळवळीला बसायला जागा लागते. आज आपल्या वस्त्यांत विहार आहेत, समाजमंदिरे आहेत, पण सकाळच्या वंदनेनंतर बहुतेक ठिकाणी कुलूप. बार मात्र रात्री उशिरापर्यंत उघडा. मग पोरगा कुठे जाईल?

आणि पोरगी कुठे जाईल? हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता. तो रिक्षावाल्या मित्राच्या बायकोने विचारला. त्या बुधवारी आम्ही त्याच्या घरी बिलाची गोष्ट गंमत म्हणून सांगत होतो. ती हसली नाही. म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला दुःख झालं की तुम्ही बसता. आम्हाला झालं की आम्ही कुठं बसायचं? नळावर?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही ज्याला समतेची जागा म्हणत होतो तिथे आमच्या वस्तीतली निम्मी माणसे पाऊलही टाकू शकत नाहीत. उलट आमच्या बसण्याचे बिल त्यांच्या डब्यातून जाते. १९२७ ला महाडला बाबासाहेब बायकांशी बोलले, तेव्हा दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका, असे सांगितले होते. पुरुषांना उपदेश करून थांबले नाहीत, बायकांच्या हातात अधिकार दिला. आमच्या कमिटीत आजवर एकही बाई नव्हती.

म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. मोठ्या नाहीत. पहिली, वरच्या खोलीसाठी चौघांनी तीन महिन्यांचे साडेसात हजार रुपये एकदम भरले. दान म्हणून नाही, दंड म्हणून. कमिटीत दोन बायका घेतल्या, त्यातली एक वहिनी. किल्ली त्या एमपीएससीवाल्या मुलीकडे दिली. दुसरी, शनिवारी संध्याकाळी सात ते दहा विहाराच्या खालच्या पडवीत आम्ही बसतो. चहा, भाजलेले शेंगदाणे, आणि ज्याला जे सांगायचे ते. ऑफिसातले टोमणे, कोर्टातल्या तारखा, घरातली भांडणे.

सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर तो खोटेपणा होईल. पहिल्या शनिवारी चौघे आलो, दुसऱ्याला तिघे. नऊच्या सुमारास एकजण 'जरा जाऊन येतो' म्हणून उठला आणि परत आला नाही. आम्ही ओळखतो तो कुठे गेला. त्याला आता आमच्या पडवीपेक्षा डॉक्टरची गरज आहे, हेही आम्हाला कळते, आणि त्याच्याशी ते बोलण्याची हिंमत आम्ही गोळा करतो आहोत. त्याला शिव्या घालणार नाही. ज्या टेबलावर तो अडकला त्या टेबलाचे बिल आम्ही चौघांनी वाटून भरले आहे.

पण त्याच शनिवारी बँकेतला मित्र बोलला. चहावर. रडला नाही. त्या सहकाऱ्याला सोमवारी काय उत्तर दिले ते त्याने सांगितले, शब्दन् शब्द. आठवत होते त्याला. वर दिवा चालू होता.

तुमच्या वस्तीतल्या विहाराची किल्ली कोणाकडे आहे? रात्री आठनंतर त्याला कुलूप असते का? या शनिवारी 'बसूया' म्हणण्याआधी एकदा जाऊन बघा.

जयभीम.